सरकीचा हिशेब कोण मागणार?



कापसाचे बोचके काट्यावर चढले की व्यापारी मूठभर कापूस उचलतो, तंतू ओढून पाहतो, ओल तपासतो, कवडी दिसली तर नाक मुरडतो आणि भाव सांगतो. हे सगळे बोलणे धाग्याचे. सरकीचे नाव त्यात येत नाही. पण क्विंटलभर कापूस जिनिंगमध्ये गेला की रुई निघते ३४ किलोच्या आसपास आणि सरकी निघते ६२-६३ किलो. बाकीची घट. म्हणजे आपण कापूस विकतो असे म्हणतो खरे, पण वजनाने पाहिले तर सरकीच विकतो आणि तिच्यासोबत थोडी रुई देतो. जिनिंगवाल्याला हे पक्के ठाऊक असते. त्याच्या वहीत सरकीचे पान वेगळे असते. सरकी तेजीत असेल तर कापूस चार पैसे वर घ्यायला त्याला परवडते, मंदीत असेल तर तो हात आखडतो. आपल्याला मात्र कारण ऐकवले जाते परदेशातल्या रुईच्या बाजाराचे.

ही गोष्ट आजची नाही. १९७२ साली महाराष्ट्रात एकाधिकार कापूस खरेदी सुरू झाली आणि पुढची तीसेक वर्षे कापूस सरकारशिवाय कोणाला विकायची सोय नव्हती. त्या काळात फेडरेशन गाठी विकत होते तसे सरकीही विकत होते. सरकीचे काय आले आणि त्यातले आपल्या पदरात किती पडले, असा प्रश्न मेळाव्यांतून फार थोड्यांनी विचारला. एकाधिकार गेला, खासगी व्यापारी आला, पण प्रश्न विचारायची सवय काही लागली नाही.

आज तो विचारण्याचे निमित्त मात्र भलतेच आहे. निमित्त आहे माशांचे.

आटपाडीच्या माणसाने माशांवर बोलावे याचे काहींना हसू येईल. माणदेशात मासळी म्हणजे बाजारातले सुके बोंबील आणि सुकट. राजेवाडीचा तलाव भरला की चार दिवस ताजा मासा दिसतो, एवढीच आपली ओळख. पण ज्या वस्तूची जगभरच्या मत्स्यपालकांना आज गरज आहे ती आपल्या शेतात पिकते आणि आपण ती मोजतही नाही, म्हणून हा अग्रलेख.

पाळलेल्या माशाला खायला घालावे लागते. त्याला गाईम्हशीपेक्षा जास्त प्रथिने लागतात. रोहू-कटल्याच्या खाद्यात शेकडा २५ ते ३०, लहान पिलांना त्याहून जास्त आणि कोळंबीला तर ३५ ते ४०. इतकी प्रथिने देणारी सर्वांत सोपी वस्तू म्हणजे समुद्रातल्या बारीक मासळीची भुकटी. तिच्यात शेकडा ६०-६५ प्रथिने असतात. पण किलोभर भुकटीला चार-पाच किलो ताजी मासळी वाळवावी आणि दळावी लागते. मासा पाळण्यासाठी मासाच मारायचा, असा हा उफराटा व्यवहार आहे. समुद्रातली बारीक मासळी काही दरवर्षी वाढत नाही, आणि मत्स्यपालन मात्र वाढतच चालले आहे.

या भुकटीचा मोठा पुरवठा दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशाकडून होतो. तिथे अँकोव्ही नावाचा बोटभर मासा मिळतो. १९७० साली त्याची पकड सव्वा कोटी टनांच्या आसपास होती. मग १९७२ साली समुद्राचे पाणी तापले (आपला मान्सून बिघडवणारा एल निनो तो हाच), आधीच ओरबाडलेला मासा नाहीसा झाला आणि दोन-तीन वर्षांत पकड पाचव्या हिश्श्याच्याही खाली आली. कोंबड्या-डुकरांच्या खाद्यवाल्यांनी मासळीची भुकटी मिळेना म्हणून सोयाबीनच्या पेंडीकडे धाव घेतली. इतरही कारणे होती, पण सोयाबीन असे भडकले की २७ जून १९७३ रोजी खुद्द अमेरिकेने आपल्या सोयाबीनची निर्यात रोखली. मुक्त बाजाराचे धडे देणाऱ्या देशाने! जपान त्यामुळे इतका हादरला की पुढे त्याने ब्राझीलच्या माळरानावर सोयाबीन वाढवायला पैसा घातला. २०२३ साली पुन्हा एल निनोच्या वर्षात पेरूने पहिल्या हंगामाची मासेमारी रद्द केली आणि भुकटीचे भाव चढले.

म्हणून जगभर शोध चालला आहे तो मासळीच्या भुकटीऐवजी शेतातली प्रथिने वापरण्याचा. सोयाबीनची पेंड या शर्यतीत पहिली आली. तिच्यात शेकडा ४५ ते ४८ प्रथिने असतात आणि तापवली की तिच्यातले पचन अडवणारे घटक बरेचसे जातात. शेंगदाण्याची पेंड तिच्या मागोमाग. तिळाची पेंड, करडईची पेंड, मोहरीची पेंड अशा सगळ्या रांगेत उभ्या आहेत. या रांगेत सरकीची पेंड कुठे आहे? आपल्या देशात सरकी एवढी निघते, मग ती मागे का?

प्रथिने म्हणजे एकच पदार्थ नव्हे, अनेक घटक मिळून ती बनतात, हे आधी लक्षात घेऊ. घरात जोंधळ्याचे पीठ शेरभर असले आणि घागरीत पाणी तांब्याभरच उरले असले तर भाकरी किती होतील? तांब्याभर पाण्यात होतील तेवढ्याच. बाकीचे पीठ तसेच राहणार. माशाच्या अंगात तसेच होते. जो घटक कमी, त्याच्या मापाने वाढ. सरकीत लायसिन नावाचा घटक कमी असतो. शेंगपेंडीतही तो कमीच आहे. सोयाबीनमध्ये तो भरपूर, पण मेथिओनिन नावाचा दुसरा घटक तोकडा. तिळात मेथिओनिन चांगले, लायसिन कमी. म्हणून शहाणा खाद्य करणारा एका पेंडीवर विसंबत नाही, दोन-तीन पेंडी मिसळतो. आपल्या बायाबापड्या डाळ-भाकरी एकत्र वाढतात त्यातले शहाणपण हेच आहे.

सरकीची दुसरी अडचण टरफलाची. आपल्याकडे बहुतेक सरकी न सोलता, तिच्यावरचा बारीक तंतूही न काढता, तशीच घाण्यात किंवा एक्सपेलरमध्ये ढकलली जाते. त्यातून क्विंटलमागे १२-१३ किलो तेल निघते आणि काळपट, टरफलांनी भरलेली पेंड उरते. तिच्यात प्रथिने शेकडा २२ ते २५. म्हैस ती खाते, कारण तिला चार कप्प्यांचे पोट आहे आणि टरफल तिला चालते. माशाला तसले पोट नाही. त्याने खाल्लेले टरफल तसेच बाहेर पडते, तळ्याच्या बुडाशी साचते, कुजते आणि पाण्यातला प्राणवायू खाते. म्हणजे पेंडीचे पैसे गेले ते गेले, वर मासे पहाटे तोंड वर काढून धापा टाकू लागतात.

हीच सरकी आधी तंतू काढून, टरफल फोडून, गर वेगळा करून गाळली तर तेल १६-१७ किलोपर्यंत जाते, आणि जी पेंड उरते तिच्यात प्रथिने शेकडा ४० च्या आसपास भरतात. शेंगपेंडीच्या जवळपास. बारीक तंतू वेगळा विकला जातो. त्याला कागदात, सेल्युलोजच्या धंद्यात मागणी आहे. टरफल जनावराच्या चाऱ्यात जाते. हे काही चंद्रावरचे तंत्र नाही. मुंबईत माटुंग्याला १९२४ पासून कापसाची सरकारी प्रयोगशाळा आहे, आज तिला केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था म्हणतात. सरकी शास्त्रीय पद्धतीने कशी गाळावी यावर तिथे वर्षानुवर्षे काम झालेले आहे. तिथून ते आपल्या तालुक्यापर्यंत का आले नाही? जुन्या घाण्यावाल्याला आहे त्यात परवडते, आणि सरकी पिकवणाऱ्याला पेंडीच्या भावात वाटा नसल्याने ती सुधारण्यात त्याला रस नाही, असे आमचे मत आहे.

तिसरी अडचण सर्वांत मोठी. ती म्हणजे गॉसिपॉल. सरकीच्या गरात सुईच्या टोकाएवढे काळे ठिपके दिसतात, ते याच पिवळ्या विषाचे थेंब. झाडाने किडींपासून स्वतःच्या रक्षणासाठी ते ठेवले आहे. रवंथ करणाऱ्या मोठ्या जनावराच्या पोटात ते बरेचसे बांधले जाते आणि निकामी होते, म्हणून म्हशीला पेंड चालते. (वासरांना मात्र जपून द्यावी. त्यांचे पोट अजून तयार झालेले नसते.) कोंबडी, डुक्कर, मासा यांच्यात ते साठते. मासा मरत नाही, पण खातो कमी, वाढतो कमी, प्रजनन बिघडते. माणसालाही ते सुटत नाही. चीनमध्ये १९७० च्या दशकात पुरुषांच्या संततिनियमनासाठी या गॉसिपॉलच्या गोळ्या हजारो लोकांवर वापरून पाहिल्या होत्या. त्रास दिसू लागल्यावर तो नाद सोडून द्यावा लागला.

पेंड तापवली की मोकळे गॉसिपॉल बरेचसे बांधले जाते. पण ते बांधले जाते नेमके लायसिनशी. आधीच तोकडे असलेले लायसिन आणखी घटते. हिराकस योग्य प्रमाणात मिसळला तर त्यातले लोह मोकळे गॉसिपॉल धरून ठेवते, ही जुनी माहीत असलेली युक्ती आहे, पण प्रमाण पेंड तपासल्याशिवाय ठरत नाही. चिमूट-चिमूट टाकून बघण्याचा हा मामला नव्हे. पेंड बुरशीने आंबवून गॉसिपॉल कमी करण्याची पद्धतही माटुंग्याच्या संस्थेने तयार केली आहे आणि तिच्यात लायसिन वाढते हा वरचा फायदा. १९५० च्या दशकात अमेरिकेत ठिपकेच नसलेला कापूस काढला गेला. सरकी गोड निघाली, पण झाडही गोड निघाले. किडी आणि उंदरांनी त्याच्यावर ताव मारला. अर्धशतकानंतर टेक्सासच्या विद्यापीठातले भारतीय वंशाचे शास्त्रज्ञ कीर्ती राठोड यांनी असा कापूस तयार केला की ज्याच्या पानात, बोंडात विष राहते आणि फक्त सरकीत ते नाममात्र उरते. २०१८ साली अमेरिकेच्या शेतीखात्याने त्याला मोकळीक दिली, २०१९ साली अन्न-औषध खात्याने सरकी माणसांनी आणि सर्व जनावरांनी खायला हरकत नाही असे सांगितले. आपल्या शिवारात असे बियाणे यायचे असेल तेव्हा येईल. जनुक बदललेल्या बियाण्यांवर दिल्लीत फाइली कशा झोपतात हे आपल्याला नव्याने सांगायला नको. आम्ही त्याची वाट पाहत बसा असे म्हणत नाही. आहे त्या सरकीतही पुष्कळ करता येते.

करता येते म्हणजे किती? सोललेल्या सरकीची, तपासलेली पेंड रोहू-कटल्याच्या खाद्यात शेकडा १०-१५ पर्यंत घातली आणि बाकीची प्रथिने सोया किंवा शेंगपेंडीतून दिली तर माशाला ती मानवते. अमेरिकेत मिसिसिपी नदीच्या खोऱ्यात, जिथे पूर्वी कापसाशिवाय दुसरे नाव नव्हते, तिथल्या शेतकऱ्यांनी १९६० नंतर कापूस परवडेना म्हणून तळी खणली आणि कॅटफिश नावाचा मिशाळ मासा पाळला. त्याच्या खाद्यात मुख्य सोयापेंड आणि जोडीला सरकीची पेंड असा मेळ त्यांनी बसवला. १९८१ साली त्या शेतकऱ्यांनी स्वतःच्या मालकीची मासे साफ करून विकणारी सहकारी कंपनी काढली. गोष्ट इथे संपत नाही. १९९० साली त्याच कारखान्यातल्या कामगारांनी, बहुतेक काळ्या बायकांनी, मजुरीसाठी आणि माणुसकीच्या वागणुकीसाठी मोठा संप केला. आणि पुढे व्हिएतनामहून स्वस्त मासा येऊ लागल्यावर सगळ्यांचेच कंबरडे मोडले. आपल्या लोकांनी ही गोष्ट पूर्ण ऐकावी. अर्धी ऐकवणारे सल्लागार पुष्कळ भेटतात.

जवळचे उदाहरण आंध्रचे. कोल्लेरू सरोवराच्या परिसरात, कृष्णा-गोदावरीच्या मुखाशी, हजारो एकरांवर माशांची तळी आहेत. तिथे तेल काढलेला तांदळाचा कोंडा आणि पेंड एकत्र करून प्लॅस्टिकच्या पोत्यांत भरतात, पोत्यांना खाली भोके पाडतात आणि बांबूला किंवा दोरीला टांगून पाण्यात सोडतात. मासे येऊन भोकांना टोचा मारतात, हवे तेवढे खातात. खाद्य वाया जात नाही. या एका साध्या युक्तीवर बर्फात घातलेला आंध्रचा मासा दूरदूरच्या बाजारात पोचतो. त्या पोत्यांत सरकीची पेंडही जाते. कृष्णेच्या वरच्या अंगाला आपण आणि मुखाशी ते. पाणीही त्यांच्याकडे जाते, पेंडही जाते.

आता आपल्या तालुक्याकडे वळू. फेब्रुवारी २०१६ मध्ये ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आली. त्याआधीपासून डाळिंबासाठी प्लॅस्टिक अंथरलेली शेततळी आटपाडी, सांगोला, जत या पट्ट्यात झालीच होती. पुष्कळांनी त्यात बोटुकली सोडून पाहिली. कोणाचे जमले, कोणाचे फसले. फसण्याचे एक साधे कारण असे की मातीच्या तळ्यात शेण-खत टाकले की शेवाळ, सूक्ष्म जीव तयार होतात आणि कटला-रोहूचे निम्मे पोट त्यावर भरते. प्लॅस्टिकच्या तळ्यात माती नाही, तेव्हा हे फुकटचे खाणे फारच थोडे. सगळे आपण घालायचे. ज्याने बोटुकली सोडली आणि देवाच्या भरवशावर ठेवली त्याला वर्षाने वीतभर मासे मिळाले. ज्याने कंपनीचे तरंगते खाद्य पोत्यांनी आणले त्याचा नफा पोत्यांत गेला. मासेपालनाच्या खर्चात निम्म्याहून जास्त खर्च खाद्याचा असतो. म्हणजे इथेही लढाई पेंडीचीच आहे.

एक हिशेब मांडू. एक टन मासा काढायला साधारण दोन टन खाद्य लागते असे धरा. त्यात शेकडा १५ सोललेल्या सरकीची पेंड घातली तर ती झाली ३०० किलो. तेवढ्या पेंडीला सुमारे ८ क्विंटल सरकी लागते, म्हणजे साडेबारा क्विंटल कापूस. कोरडवाहूत एकरी चार क्विंटल धरले तर तीन एकरांची सरकी. एक टन माशामागे तीन एकर कोरडवाहू कापूस! आणि आपल्याला त्या तीन एकरांच्या सरकीचा भाव वेगळा कधी सांगितला गेला नाही.

जोंधळ्यालाही या खाद्यात जागा आहे. गोळी पाण्यात फुटू नये, तरंगावी, यासाठी पिठूळ धान्य लागतेच. मका तिथे वापरतात, तसा पांढरा जोंधळा चालतो. आपल्या मालदांडी शाळूत लाल ज्वारीसारखा तुरटपणा नाही, ही जमेची बाजू. पण आमचे स्पष्ट मत आहे की चांगला शाळू माशाला घालण्यात अर्थ नाही. त्याला माणसांच्या बाजारात मान आहे आणि कडब्यासाठी तो हवाच. पावसाने काळी पडलेली, बाजारात नाकारली गेलेली खरीप ज्वारी असेल तर तेवढ्यापुरता विचार करावा, तोही बुरशी नसेल तरच. बुरशीचे विष माशाच्या यकृतावर बसते. शेंगपेंड आणि सरकीपेंड यांनाही हे विष लवकर धरते, म्हणून ओल्या जागी थप्पी लावलेली पेंड स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. करडईचे मात्र वाईट वाटते. शाळवाच्या पाटात करडईच्या ओळी असत, काट्यांमुळे जनावर आत शिरत नसे. फलटणच्या निंबकर संस्थेने या पिकावर आयुष्यभराचे काम केले. तिची सोललेली पेंडही प्रथिनांनी चांगली. पण पीकच शिवारातून उठले, पेंड कुठून आणणार?

बैठकीत एक आक्षेप हमखास येईल, आणि तो खरा आहे. सरकीपेंड माशांकडे वळली, महाग झाली, तर म्हशीचे काय? आपल्याच घरात कापूस आहे आणि आपल्याच गोठ्यात म्हैस आहे. दुधाचा भाव डेअरी ठरवते, पेंडीचा भाव व्यापारी ठरवतो, आणि दोन्हींच्या मध्ये घरातली बाई शेण काढते. पेंड चढली की दुधाचे गणित पहिले तिचे बिघडते. आमचे उत्तर असे की आज एकाच पोत्यात टरफल आणि गर कोंबून म्हशीला विकले जाते आणि त्यात भेसळ किती हे कोणी सांगत नाही. सोलून वेगळे केले तर टरफल कडब्याच्या जोडीला स्वस्तात मिळेल आणि पेंड किती घालायची ते म्हशीच्या दुधाप्रमाणे ठरवता येईल. तरीही भाव चढण्याचा धोका शून्य नाही. ज्याच्याकडे कापूस नाही आणि दोन म्हशी आहेत अशा कुटुंबाला तो बसेल. त्यांना गटाच्या पेंडीवर पहिला हक्क मिळाला पाहिजे, हे आधी ठरवून मगच पुढे जावे.

दुसरी गोष्ट तलावांवर पोट असणाऱ्या भोई-कोळी कुटुंबांची. तलावाच्या ठेक्यात त्यांच्या संस्था आहेत. शेततळीवाल्याने मासे काढून त्याच दिवशी त्याच बाजारात ओतले तर त्यांचा भाव पडतो. शेततळीवाल्याजवळ डाळिंब आहे, त्यांच्याजवळ जाळ्याशिवाय काही नाही. त्यांच्याशी बसून बाजाराचे दिवस ठरवणे अवघड नाही.

आणि पाण्याचे. टेंभूचे पाणी मिळवायला या तालुक्याने पाणी परिषदा घेतल्या, मोर्चे काढले, समान वाटपाची मागणी लावून धरली. ते पाणी माशासाठी उचलू नये असेच आमचे सांगणे आहे. उन्हाळ्यात उघड्या तळ्यातून रोज जवळजवळ सेंटिमीटरभर पाणी उन्हात उडते. डाळिंबासाठी जे पाणी तळ्यात साठलेलेच आहे त्यात मासा वाढला तर ठीक, माशासाठी तळे मात्र नको.

आता सरकारकडे वळू. २०२१ च्या पावसाळ्यात सोयाबीन दहा हजारांच्या घरात गेले होते. पहिल्यांदाच सोयाबीनवाल्याला दोन पैसे दिसत होते. कोंबडीखाद्याच्या कारखानदारांनी ओरड केली आणि ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्राने १२ लाख टन सोयापेंड आयात करायला परवानगी दिली, तीही जनुक बदललेल्या सोयाबीनची! जे बियाणे आपल्या शेतकऱ्याने पेरले तर गुन्हा, त्याची पेंड बोटीने आणली तर देशहित. नवीन माल निघाला तेव्हा भाव निम्म्यावर आला होता. पुढे इथेनॉलच्या कारखान्यांतून मका-तांदळाचा प्रथिनयुक्त चोथा बाजारात आला आणि त्याने सोयापेंडीची जागा खाल्ली. २०२४ च्या हंगामात हमीभाव ४८९२ रुपये असताना सोयाबीन त्याच्या कितीतरी खाली विकले गेले. ऑगस्ट २०२५ मध्ये कापसावरचे ११ टक्के आयातशुल्क काढले, मग ती सवलत डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली, ऐन आपल्या वेचणीच्या दिवसांत. माशांच्या खाद्याला उद्या सरकीपेंडीची मागणी वाढली तर हेच होणार नाही असे कोणी छातीवर हात ठेवून सांगावे.

२२ एप्रिल २०२५ रोजी महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला. वीज, कर्ज, विमा शेतीच्या दराने. चांगले झाले. मासा पाळणारा शेतकरी ठरला, तर त्या माशाचे खाद्य पिकवणाऱ्याच्या मालाचा हिशेबही शेतीखात्याने ठेवावा. बाजार समितीच्या फळ्यावर कापसाच्या भावाखाली त्या दिवशीचा सरकीचा भाव खडूने लिहायला सरकारी तिजोरीतला एक रुपयाही लागत नाही. अकोल्याच्या सरकीपेंडीवर वायदेबाजार चालतो, मुंबईत बसलेल्या माणसाला पुढच्या महिन्याचा भाव दिसतो, आणि काट्यावर उभ्या असलेल्या माणसाला आजचा दिसत नाही! पेंडीतले मोकळे गॉसिपॉल आणि बुरशीचे विष तपासण्याची सोय जिल्ह्याला एक तरी हवी. माती तपासायला प्रयोगशाळा आहे, मग पेंड तपासायला का नको?

सोलणी-गाळणीचे छोटे यंत्र गटाने घ्यावे का, यावर आमच्यात दोन मते आहेत. ‘स्मार्ट’ प्रकल्पात कापूस उत्पादकांच्या गटांनी कापूस एकत्र करून स्वतःच्या नावाने गाठी बांधून विकल्या. तसे केले की सरकी आपोआप गटाच्या हातात राहते, आणि तिथूनच सुरुवात करता येते, असे एक मत. दुसरे मत असे की राज्यातल्या कितीतरी सहकारी सूतगिरण्या कशा बंद पडल्या हे आपण पाहिले आहे, तेव्हा इमारत आणि यंत्र यांत पैसा अडकवण्याआधी दोन हंगाम जिनिंगवाल्याशी नुसता करार करावा: रुई तुझी, सरकी आमची, सोलणावळ रोख. आमचा कल दुसऱ्या मताकडे आहे. आटपाडी-जत भागात कापूस आता विदर्भ-मराठवाड्याच्या मानाने थोडा उरला आहे, एका तालुक्याच्या सरकीवर यंत्र वर्षभर चालणार नाही.

यावर बैठकीत हात वर करून ठराव करण्याआधी आकडे समोर असावेत. म्हणून येताना प्रत्येक गावाने तीन गोष्टी आणाव्यात. गेल्या हंगामात कापूस विकल्याची पावती, तारखेसह. त्याच आठवड्यात सरकीपेंडीचे पोते काय भावाने घेतले त्याची पावती किंवा गोठा सांभाळणाऱ्या बहिणीच्या तोंडचा आकडा. तो बहुधा पावतीपेक्षा पक्का असतो. आणि सध्या गोठ्यात चालू असलेल्या पेंडीची पावशेरभर पुडी, वर गावाचे आणि दुकानाच्या बाजाराचे नाव लिहून. पुडी कागदाची करावी. प्लॅस्टिकच्या पिशवीत पेंड ओल धरते आणि चार दिवसांत तिला बुरशी येते.